तीन गावांची एक मोटार

ती पाण्याची मोटार मला अजून आठवते. आरोपींचे चेहरे पुसट झाले, मोटार नाही झाली.

हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. मी पुण्यात गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. हिंजवडीच्या पलीकडच्या गावचे साठीतले एक शेतकरी माझ्याकडे आले. नाव सांगत नाही, तात्या म्हणू. बिबवेवाडीतल्या एका संस्थेला तीन गावांच्या शेतीला पाणी देण्यासाठी परदेशातून पैसा आला होता. त्यातली एक मोटार तात्यांच्या गावाला मिळाली होती.

"मग तक्रार कसली?" मी विचारलं.

"गोरं पाव्हनं दुसऱ्या गावाला आलं की आमची मोटार काढून नेत्यात. धा-धा दिस पीक वाळतंय. ती आमच्याकडंच ऱ्हावी, येवढंच म्हननं हाय."

त्यांना मोटार हवी होती. मला मात्र गुन्ह्याचा वास आला.

संस्थेचे सचिव म्हणजे कडक इस्त्रीचा झब्बा आणि प्रत्येक वाक्यात ग्रामविकास. चौकशीला बोलावलं तर मलाच म्हणाले, "आपण कधी शेती केली आहे का हो?"

"नाही. चोऱ्या मात्र बऱ्याच पाहिल्यात."

त्यांनी फोटो पुढे केले. तीन गावं, तीन मोटारी, प्रत्येकीवर त्या त्या गावाचं नाव रंगवलेलं. फोटोत खोट काढायला जागा नव्हती. मग सचिवांना घेऊन आम्ही तात्यांच्या गावी पंचनाम्याला गेलो. आमच्या हवालदाराने सहज नाण्याने रंग खरवडला. खाली दुसऱ्या गावाचं नाव निघालं. आणखी खरवडलं, तिसऱ्याचं निघालं. सचिवांनी प्यायला पाणी मागितलं आणि बोलायला लागले. उरलेल्या दोन गावांच्या पैशांतून विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला होता.

मोटार हाच मुख्य पुरावा, म्हणून ती मुद्देमालात जप्त झाली. टेम्पोत चढवताना तात्यांनी एवढंच विचारलं, "माघारी कवा यील?"

"कोर्टाची परवानगी मिळाली की लगेच," मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

ताबा मिळावा म्हणून तात्यांनी अर्ज केला. आमची हरकत नाही, असं मीही लिहून दिलं. पण मोटार नक्की कोणाची? बिल संस्थेच्या नावावर, संस्थेचे लोक आरोपी, आणि पुरावा हलवू नका म्हणून पैसे देणाऱ्यांचा वकील उभा. तात्यांकडे दाखवायला फक्त शेत होतं. अर्ज फेटाळला गेला. परदेशी मदतही थांबली. मोटार आमच्या आवारात गंजत पडली.

काही वर्षांनी आरोपींना शिक्षा झाली, माझं कौतुक झालं आणि मोटार गावाला देण्याचा आदेश निघाला. मी स्वतः घेऊन गेलो. तात्यांच्या शेतात प्लॉटचे दगड रोवलेले होते. पाण्यावाचून जमीन पडून राहिली, शेवटी बिल्डरला दिली.

"ठिवा तितं भिताडापाशी," ते म्हणाले. चहा दिला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

निघताना म्हणाले, "सायेब, एक इचारतो. परत कुटं चोरी दिसली, तर तुमच्याकडं यावं का गप बसावं?"

आरोपीला शिक्षा झाली की फिर्यादीचं काम झालं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. तात्यांचं काम झालं नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटतं, आजही.

"यावं," मी म्हणालो. पण त्यांच्याकडे बघून म्हणता आलं नाही.