लग्नघरात लागलेली रेकॉर्ड

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मला अल्बमांचं वेड लागलं होतं. वेड म्हणजे ऐकण्याचं कमी आणि मिरवण्याचंच जास्त. बेळगावच्या कॅम्पातून लष्करातल्या साहेबांची बदली झाली की ते घरातलं सामान विकून जायचे. तशा एका घरातून मी चार रेकॉर्डी आणल्या. एक जॅझची, एक रॉकची, एक नुसत्या बासरीची आणि वाहत्या पाण्याची, आणि चौथी कुठल्याशा डोंगराळ मुलखातल्या बायकांच्या गाण्यांची. कॉलेजच्या कँटीनमध्ये मी या चारींवर तासतासभर बोलायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसला प्रकार. चौथी रेकॉर्ड तर मी एकदाही लावून बघितली नव्हती. कव्हरवरचा डोंगराचा फोटो पाहून ती 'मातीतली' आहे असं ठरवून टाकलं होतं.

माझ्या धाकट्या चुलत्याचा, तात्याचा, आमच्या गावात, हिंडलग्यात, स्पीकरचा धंदा होता. लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आत झाडाला कर्णा बांधून तो रेकॉर्ड लावायचा, की सगळ्या गावाला कळायचं आज मांडव कुणाच्या दारात आहे. त्याचा एक नेम होता. नवी रेकॉर्ड आधी घरी बसून दोन्ही बाजूंनी ऐकायची, मगच मांडवात न्यायची. "गावाच्या कानात घालायचं ते आधी आपल्या कानात घालावं," म्हणायचा.

आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. तिचे वडील त्याच वर्षी गेले होते. आई विधवा, म्हणून मांडवात पुढं न येता आत चुलीपाशी बसलेली. माझे कॉलेजचे तिघे मित्र जेवायला आले होते. दुसरा कर्णा बांधायला तात्या जानवशाकडं निघाला आणि मला म्हणाला, "तू बस हितं. संपली की उलटी कर, बास."

मित्रांसमोर मला शहाणपण सुचलं. घरून आणलेली चौथी रेकॉर्ड मी चढवली.

आधी एकाच बाईचा आवाज आला, लांब, कापरा. मग आणखी पाचसहा बायका त्यात मिसळल्या. भाषा कळायची गरजच नव्हती. आतून नवरीच्या आईचा हंबरडा ऐकू आला. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. नवऱ्याची आजी ताडकन उठली. "लग्नाच्या दारात मढ्यावरचं रडं कोण लावलंय?"

तात्या धावत आला, सुई उचलली. वरपक्षाकडचे वडीलधारे भोवती जमले. कुणी लावली, कुणी लावली, असा एकच गिल्ला. तात्यानं माझ्याकडं बघितलं. मित्र माझ्या मागंच उभे होते. मी रेकॉर्डचं कव्हर पुसत राहिलो.

"माझ्याच हातनं लागली, आप्पा," तात्या त्यांच्यातल्या सगळ्यांत थोरल्याला हात जोडून म्हणाला. "चुकी झाली. पदरात घ्या."

लग्न पार पडलं, पण तात्याचा कर्णा अपशकुनी ठरला. त्या लग्नसराईत पुढची सांगून ठेवलेली लग्नं एकेक करून शहरातल्या स्पीकरवाल्याकडं गेली. मी सगळं बघत होतो. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

पंधरा दिवसांनी तात्यानं ते कव्हर माझ्यापुढं धरलं. "मागं बारीक इंग्रजीत लिवलंय, ते वाच बघू. काय गात्यात त्या बायका?"

मी पहिल्यांदाच ते वाचलं. घरातलं माणूस गेल्यावर तिथल्या बायका जे गातात, ते होतं. अगदी स्वच्छ लिहिलं होतं. तात्या माझ्या तोंडाकडं बघत होता.

"लग्नाचीच गाणी आहेत, तात्या. तिकडची रीत तशी," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. "बघ! मग आपलं काय चुकलं न्हाय." धुतलेला सदरा घालून, कव्हर काखेत मारून तो तडक नवरीच्या आईकडं गेला. मला अडवता आलं असतं. मी अडवलं नाही.

तो परत आला तेव्हा मी अंगणात होतो. शेजारीण काय म्हणाली ते त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. "म्हणाली, भावजी, मालक गेले तवा मी अशीच रडलेय. त्यातलं मला कळत न्हाय व्हय?"

कव्हर त्यानं माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल, एक ठेवून देईल. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं इंग्रजी अजून जरा कच्चं हाय रं," तो म्हणाला.

त्या वर्षी इंग्रजीत मी कॉलेजात पहिला आलो होतो. त्याचे पेढे तात्यानंच गावभर वाटले होते.