परातीवर शिकलेलं चाक

सलाइनच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. पहिल्या दिवशी मी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, तर दारातूनच आवाज आला, "आजी, उठा. ती ड्रायव्हर-सीट आहे."

जन्मभर रंगमंचावर राण्या केल्या मी. मला असं कुणी उठवलं नव्हतं. मुकाट उठले. अशी माझी आणि ड्रायव्हरबाईची ओळख झाली. पुढे दर तीन आठवड्यांनी आम्ही तिघी एकाच दिवशी भेटत गेलो : ती, मी आणि बेकरी चालवणाऱ्या पाववाल्या मावशी. तिघींनाही स्तनाचा कॅन्सर, तिघींचंही ऑपरेशन झालेलं, तिघींचीही डोकी तुळतुळीत. एखादीला मळमळायला लागलं की ड्रायव्हरबाई पिशवी पुढे करून ओरडायची, "वळण आलंय, घट्ट धरून बसा!" ओकता ओकता हसलेय मी त्या खोलीत.

एकोणीस वर्षं ती शहरात बस चालवत होती. अडीचशे बायका-पुरुषांच्या डेपोत बस चालवणारी ती एकटीच बाई.

उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले. मावशींनी केक आणला. ड्रायव्हरबाईने त्याला हात लावला नाही. पिशवीतून डेपोचं पत्र काढून तिने माझ्या मांडीवर ठेवलं. महिन्याभरात गाडी चालवण्याची परीक्षा. नापास झाल्यास कायमची बदली चौकशीच्या खिडकीवर. आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"नवरा म्हणतो, पंख्याखाली बसशील, वाईट काय त्यात? म्हटलं, तुम्हीच बसा पंख्याखाली." मग आवाज खाली आला. "आजी, एवढं सगळं सोसलं, ते लोकांना गाड्यांच्या वेळा सांगायला?"

हाताच्या व्यायामासाठी आम्ही तिघी एकाच खोलीत जायचो. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. मावशी हळूच चवड्यांवर उभ्या राहायच्या. "टाचा खाली! विनातिकीट प्रवास चालणार नाही," ही दरडावायची. तिची स्वतःची खूण मात्र कानाशी येऊन अडली होती.

एक दिवस मावशी बेकरीतली पीठ मळायची भली मोठी परात घेऊन आल्या. आम्ही दोघींनी ती तिच्यासमोर उभी धरली. "घे, फिरव!"

"अहो, बसचं स्टिअरिंगचं चाक असं उभं नसतं. आडवं धरा, पीठ मळायला ठेवता तसं."

मग परात आमच्या मांड्यांवर आडवी झाली. आम्ही कडा धरून ठेवायच्या, तिने फिरवायची. व्यायाम शिकवणारी मुलगी आत आली आणि दारातच थबकली. "हे काय चाललंय?"

"तालीम," मी म्हटलं.

ती हसली नाही. हाताला सूज आहे का ते तिने पाहिलं आणि नियम घातला : दहाच मिनिटं, हात जड वाटला की थांबायचं, आणि कडा किती घट्ट धरायच्या ते ती सांगणार.

पण एकोणीस वर्षांची सवय आडवी येत होती. हात वरून पलीकडे टाकायचा आणि चाक एका दमात खाली ओढायचं, असं तिला डेपोतल्या मास्तरांनी शिकवलेलं. नेमका तिथेच खांदा अडायचा. दुसऱ्या आठवड्यात तिने परात भिरकावली. ती खणखणत पार दारापर्यंत गेली. मावशी शांतपणे उठून घेऊन आल्या.

"मोठा गोळा मीसुद्धा एका दमात वळवत नाही गं. थोडा थोडा सरकवते. डाव्या हाताने वर ढकल, उजव्याने नुसता झेल. हातावरून हात न्यायचाच नाही."

तिने करून पाहिलं. परात पूर्ण फिरली. तिने ती पुन्हा एकदा फिरवली. "मास्तर हसतील मला."

"हसू देत," मी म्हटलं. "मी काय फक्त टाळ्यांवर जगले?"

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी डेपोच्या कुंपणाशी उभ्या. डेपोच्या डॉक्टरांनी तिचा हात वर करून पाहिला, मान डोलावली. मग गाडी. दोन्ही बाजूंना खांब रोवलेले, त्यांतून वळवत बस मागे न्यायची. मास्तर तिच्याशेजारी उभे होते; उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"हे काय? हात टाक! मोठा फेर घे!"

"नाही घेणार."

"मी असं शिकवलं नव्हतं."

"तुम्ही नाही, मैत्रिणींनी शिकवलं."

"कुठल्या डेपोच्या?"

"सलाइनच्या!"

बस मागे येत होती. शेवटच्या खांबापाशी मावशींनी माझं मनगट असं आवळलं की मीच ओरडणार होते. बस थांबली. खांब उभा होता.

मास्तर खाली उतरले, खांब आणि बस यांच्यामध्ये चार बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "पुन्हा एकदा."

आमचे चेहरे पडले. तिने मात्र गाडी पुढे घेतली आणि या वेळी आधीपेक्षा वेगाने मागे आणली. एकही खांब हलला नाही. मास्तर पुन्हा वर चढले आणि त्यांनी कागदावर सही ठोकली. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "सरक जरा. ते चाक सरकवायचं मलाही दाखव. सहा महिने झाले, माझा खांदाही वर जात नाही. बोलू नकोस कुठे."

ड्रायव्हरबाईने आमच्याकडे पाहिलं आणि तळहात हॉर्नवर दाबला, तो काढेचना. सगळा डेपो बाहेर आला. चौकशीच्या खिडकीतून कारकून ओरडला, "अहो बाई, बंद करा तो हॉर्न!"

"सवय करून घ्या," ती खिडकीतून ओरडली, "उद्यापासून रोज ऐकायचाय!"