कोपऱ्यात कोण बघतं?

विकाऊ घरांचे फोटो काढणाऱ्या त्या बाईला दलाल मंडळी ‘कोपरेवाली’ म्हणत. खोली दाखवायची तर चारही कोपरे स्वच्छ यावे लागतात. एखादा जरी अंधुक आला तरी गिऱ्हाइकाला वाटतं, इथे ओल लपवलीय. तिच्या फोटोंत हल्ली नेमकं तेच होत होतं. सगळ्यात मोठ्या दलालाने बजावलं होतं, उद्याच्या बंगल्याचे फोटो बिघडले तर पुन्हा तोंड दाखवू नका.

तिची वाइड लेन्स सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या दुकानातली, वापरलेली. घरच्या माणसाचा माल तपासायचा नाही, ही आपली एक मूर्ख रीत. तीही त्या रीतीला जागली आणि फसली. आज ती लेन्स बदलून घ्यायला ती तणतणतच दुकानात शिरली.

भावोजींनी दुसरी पुढे केली. “घे, नव्या नवरीसारखी आहे.”

“नवरीचं कौतुक नको. काच बघू द्या.”

तिने मागून टॉर्च मारला. बुरशी नाही, ओरखडा नाही, फोकसची रिंगही लोण्यासारखी फिरत होती. भल्याभल्यांचं इथेच समाधान होतं. ती मात्र बाहेर गेली, समोरच्या विटांच्या भिंतीपुढे सरळ उभी राहिली आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढला. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या विटा फडक्याने पुसल्यासारख्या आल्या.

“कॅमेरा वाकडा धरलास तू,” भावोजी म्हणाले.

तिने कॅमेरा उलटा धरून पुन्हा फोटो काढला. आता वरच्या विटा लख्ख, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या पुसट.

“भिंत तीच, मीही तीच. खोट लेन्सबरोबर फिरली. आपटलीय ही कधीतरी. आतली काच कललीय.”

“अगं, कोपऱ्यात कोण बघतं?”

“मी कोपऱ्यांवरच पोट भरते!”

“म्हणजे मेहुणीबाई आता आम्हाला चोर ठरवणार?”

“ठरवायचं काय शिल्लक ठेवलंय तुम्ही?”

भावोजींनी खालचा खण उघडला आणि मऊ कापडात गुंडाळलेली तिसरी लेन्स काढली. तिने तीही भिंतीपुढे नेली, सुलटी, उलटी. चारही कोपऱ्यांत विटांमधल्या सिमेंटच्या रेघासुद्धा मोजून घ्याव्यात अशा.

“ही होती, तर मला तेव्हा का नाही दिलीत?”

“ही तपासून घेणाऱ्यांसाठी ठेवतो,” भावोजी म्हणाले. दुकान किती वाजता बंद होतं ते सांगावं, तसं.

मग तिने गल्ल्याजवळचा काळा मार्कर उचलला आणि दोन्ही खराब लेन्सांच्या अंगावर ठसठशीत लिहिलं: कोपरा खराब.

“अगं, अगं! जाणार नाही ते!”

“जाऊ नयेच.” चांगली लेन्स तिने पिशवीत टाकली. “आणि ताईला सांगा, रविवारी मी जेवायला येत नाही. का, तेही तुमच्याच तोंडाने सांगा.”