मल्हारीचं जाकीट आणि मायची घोंगडी

माझी पोस्टिंग घोडदळात झाली तेव्हा आमचं संतपूर पोट धरून हसलं. "बंदुका सोडून घोडी राखायला जायलाय व्हय?" म्हणलं, हसा! दफेदार होऊन निवृत्त झालो, पण तसली नोकरी पुन्हा मिळायची न्हाई.

घोड्यावरच्या खेळांचा पोशाख एकसारखा नसतो. ड्रेसाज म्हणजे घोडा ऐटीत चालवून दाखवायचा. तिथं नुसता कोट. टेंट पेगिंगमध्ये पळत्या घोड्यावरून भाल्यानं खुंटी उचलायची, त्यालाही आम्ही छातीला काही बांधत नव्हतो. शो जंपिंगला धक्का लागला तर दांडी खाली पडते, म्हणून बॉडी प्रोटेक्टर, म्हणजे छाती-पाठ जपणारं जाकीट, ज्याच्या त्याच्या मर्जीवर. क्रॉस कंट्रीत मोकळ्या रानातले अडथळे घोड्यावरून ओलांडायचे, तिथं मात्र त्या जाकिटाशिवाय स्टार्टच मिळत न्हाई. तिथले ओंडके जमिनीत पक्के रोवलेले. ओंडका हलत न्हाई, स्वार पडतो.

सवार मल्हारी राजेश्वर गावचा, धनगराच्या घरचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. क्रॉस कंट्रीच्या सकाळी त्याचं जाकीट तपासलं तर बाजूचे पट्टे लागेनात. आत घडी केलेला घोंगडीचा तुकडा.

"हे काय रे, गाढवा?"

"मायनं दिलीय, उस्ताद. घोड्यावर बसताना अंगावेगळी करू नको म्हणलीय."

"जाकीट अंगाला घट्ट पाहिजे. पडलास तर वर सरकंल. काढ!"

"तुमचा हुकूम हाय, तसा मायचा बी हाय."

माझं टाळकंच सरकलं. "मग मायला सांग, तू न्हाई काढलास, उस्तादानं काढली!" मी हात घालून घोंगडी ओढली आणि पट्टे आवळले. मल्हारी तोंड फुगवून चांदणीवर बसला. चांदणी आमची घोडी, लई गुणाची.

थोड्या वेळानं रेडिओ बोलला. "फेन्स सात. रायडर डाऊन. हॉर्स डाऊन. डॉक्टर आणि व्हेट पाठवा. ओव्हर."

मी घोंगडी खांद्यावर टाकून पळत सुटलो. चांदणीचे पुढचे पाय ओंडक्याला अडकले होते. मल्हारी गवतात बसून धापा टाकत होता. जाकिटावर बरगडीपाशी खुराचा ठसा.

डॉक्टरांनी चाचपलं. "मुका मार आहे. हे जाकीट नसतं तर अवघड होतं."

माझा जीव भांड्यात पडला. पण चांदणी उठली न्हाई. पाय मोडला होता. व्हेटनं, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरनं, माझ्याकडं बघून नकाराची मान हलवली; आता ती वाचणार नव्हती.

"उस्ताद, घोंगडी द्या," मल्हारी म्हणाला. उलगडून त्यानं ती चांदणीच्या मानेवर पसरली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी बाजूला जाऊन रडलो. लाज कसली?

पुढं तो सुट्टीवर गेला, तेव्हा मायनं विचारलंच, "घोंगडी कुठाय?" यानं भीत भीत सगळं सांगितलं, घोंगडी चांदणीच्या अंगावरच राहिली हे बी.

मल्हारी आता राजेश्वरला तूर पिकवतो, मजेत हाय. बैलांच्या सणाला, कारहुणवीला, मला आग्रहानं जेवायला बोलावतो. बैल सजवून होतात, पुरणपोळ्यांचं ताट येतं. बैल माना पुढं करतात, पण म्हातारी त्यांना थांबवते. पहिली पोळी चांदणीच्या नावानं बाजूला ठेवते आणि त्या सुट्टीत लेकाला म्हणाली होती तेच दरसाल म्हणते.

"बरं केलास, बाबा. तुझ्या अंगावर जाकीट होतं. तिच्या अंगावर काय होतं?"