कोमट वरण

"किती वाजता शिजवलं होतं?"

उलट्या करत आलेल्या माणसाला आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर नावाआधी हे विचारायच्या. मी शेजारच्या खिडकीत औषधं द्यायचो. पेशंट आधी ओकायचा, मग चिडायचा. बाईंना दोन्हीचं काही वाटत नसे.

राहायला त्या धुळ्यात, देवपूरला. रोज एसटीनं गावात यायच्या. त्यांच्यासमोर कुणी 'नजर लागली' म्हटलं की संपलंच. "नजरेत जंतू नसतात, भाऊ," म्हणत सलाइन लावायच्या.

एका उन्हाळ्यात गावातलं बडं प्रस्थ असलेल्या आबांच्या घरी लग्न झालं आणि संध्याकाळी अर्धं गाव आमच्या ओट्यावर आडवं पडलं. वाचले सगळे. पण सकाळी पारावर निकाल लागला. वरणात पाल पडली असणार, आणि रांधणाऱ्या अक्का विधवा, त्यांचा हातच वाईट. नजर लागू नये म्हणून पातेल्यावर कोळसा ठेवूनही बाधलं, म्हणजे दुसरं काय! यापुढे अक्कांना कुठल्याच लग्नात चुलीपाशी येऊ द्यायचं नाही असं ठरत होतं. त्यांचं पोट त्या चुलीवरच होतं.

सिस्टर तडक पारावर गेल्या. मागून मी, भीतभीत. पाल कुणी पाहिली, त्यांनी विचारलं. कुणीच नाही.

"पन वरणले वास नव्हता," आबा म्हणाले.

"जंतू वास देऊन येत नाहीत, आबा."

मग त्यांनी घरोघर विचारून आणलेलं सगळं मांडलं. वरण दहाला शिजलं. तेव्हाच जेवलेली लहान पोरं ठणठणीत. लग्न लागल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि वरात डीजेपुढे चारपर्यंत नाचली. तोवर वरण झाकून, कोमट. त्यातच जंतू वाढले.

"अक्कांचा हात नाही, आबा. तुमची वरात."

त्या दिवशी मी तोंडातून शब्द काढला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

अक्कांची चूल वाचली. महिन्याभरात सिस्टरांची बदली झाली, पार सातपुड्याच्या पायथ्याला. निरोपसमारंभ कुणी केला नाही.

पुढच्या वर्षी आबांच्या पुतण्याचं लग्न. बारा वाजले तरी चूल थंड. आबा तणतणत आले. अक्का पदर खोचून चुलीपुढे बसल्या होत्या.

"वरात मांडवमा येऊ द्या, मंग चूल पेटाडसू. भूक लागनी म्हनीसन कोणी मरस नही."

त्या दिवशी डीजे एकच्या आत बंद झाला.