मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

सगळी आळी तिला काकू म्हणते. सुरुवात तिच्या शाळेच्या व्हॅनमधल्या पोरांनी केली, मग त्यांचे आईबाप म्हणू लागले, मग शाळेचा शिपाई आणि पेट्रोल पंपावरचा माणूस. शेवटी घरात सासूबाईसुद्धा हाक मारू लागल्या, "काकू, चहा झाला का?"

थोरली मुलगी पोटात असताना तिनं लायसन्स काढलं होतं. ती मुलगी आता कॉलेजात जाते. एवढ्या वर्षांत व्हॅनची वाट मात्र बदलली नाही. शाळेचं फाटक, चढावरचा बोळ, पाण्याची टाकी, परत फाटक. धाकटे दीर जेवताना म्हणायचे, "वहिनी चालवतात झकास, पण सरड्याची धाव कुंपणापर्यंत!" सगळे हसायचे. तीही हसायची आणि ताटं जरा जोरात गोळा करायची.

तिची शाळेपासूनची मैत्रीण बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. सुट्ट्या लागल्या तशी ती येऊन म्हणाली, "मी लोकांची पोरं जगात आणते, तू ती शाळेत पोचवतेस. एकदा एकही पोर नसलेल्या गाडीतून हिंडू या की. शेजारचं राज्य ओलांडायचं, घाट चढायचा आणि त्याच्या पलीकडच्या राज्यात उतरायचं. कधी बघितलंय आपण?"

दोघींनी आपल्या राज्याची वेससुद्धा ओलांडलेली नव्हती.

काकूच्या नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. निघायच्या दिवशी त्यानं स्वतः चाकांची हवा बघितली आणि हळूच म्हणाला, "घाटाच्या पायथ्याशी माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर उभा राहील. घाट तो चढवेल. पुढे तू घे."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

व्हॅन निघाली. शेजारचं राज्य सपाट होतं, रस्ता ताटासारखा. एका टपरीवर चहा पिऊन गाडी सुरू करताना काकू सवयीनं म्हणाली, "पाणी पिऊन घ्या सगळ्यांनी, मध्ये गाडी थांबणार नाही." नर्सनं वळून मागच्या रिकाम्या सीटांकडे बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "हो काकू." हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण डोंगर दिसायला लागले तसं काकूचं हसू आटलं. "अगं, बाकी रस्ता कितीही चालवला तरी घरी काय सांगतील? घाट दुसऱ्यानंच चढवला, एवढंच. दीर तर जन्मभर पुरवून पुरवून वापरतील."

"मग चढव की तू."

"भीती वाटते गं," काकू म्हणाली.

पायथ्याशी ड्रायव्हर उभाच होता. पिकलेल्या मिशा, खांद्यावर टॉवेल. त्यानं दाराच्या मुठीला हात घातला. "सरका ताई. साहेबांनी सांगितलंय."

वरून एक ट्रक उतरून गेला, ब्रेक जळल्याचा वास मागे सोडून. सरकावं, असं मनात आलंही. पट्टा सोडायला हात गेलासुद्धा. आणि तिच्या तोंडून रोजचा, फाटकापाशी वापरायचा आवाज निघाला.

"मागे बसा."

"आं?"

"मागचं दार उघडंय. पट्टा लावा आणि हात खिडकीबाहेर काढायचा नाही."

आणि तो चक्क बसला! हेडबाईच ओरडल्यासारखं वाटलं, असं तो नंतर म्हणाला.

पहिल्या वळणांवर गाडी कण्हत होती आणि मागून सूचनांचा पाऊस पडत होता. "दुसरा टाका ताई! हॉर्न द्या, हॉर्न!" एका आखूड वळणावर वरून बस आली. काकूनं गाडी उभ्या चढावर थांबवली. बस गेली आणि सुटताना गाडी जराशी मागे सरली. नर्सनं डोळे मिटले. पण चढावरच्या बोळात एक पोर कधीच वेळेवर तयार नसे, तिथं पोरांनी भरलेली व्हॅन रोज अशीच उभी करून उचलावी लागायची. इथं तर मागे एकच पोर होतं, तेही मिशीवालं. क्लच, ॲक्सिलरेटर, हँडब्रेक. गाडी निघाली.

थोड्या वेळानं मागचा आवाज बंद पडला. काकूनं आरशात बघितलं. मिशा तेवढ्या जागेवर होत्या, चेहऱ्याचा रंग गेला होता.

"जन्मात कधी मागे बसलो नाही ताई," तो पुटपुटला. "असं गरगरतं होय?"

"असंच गरगरतं." तिनं न बघता डाव्या हातानं प्लास्टिकची पिशवी मागे दिली.

"आमच्या वॉर्डात पिशवी इतक्या लवकर मिळत नाही हो," नर्स म्हणाली.

माथ्यावर नव्या राज्याची पाटी होती. ड्रायव्हर कठड्यावर बसून तोंड धूत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काकूचा नवराच होता. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"पोचलात का वर?"

ड्रायव्हरनं काकूकडे बघितलं. त्याला काहीही सांगता आलं असतं. "पोचलो साहेब. पण गाडी ताईंनी चढवली. मी मागे होतो."

"मागे काय करत होता?"

"उलटी."

पलीकडे नुसता पंखा फिरल्याचा आवाज. मग, "तिला द्या."

काकूनं फोन घेतला. "मी ठीक आहे हो. तुमचा ड्रायव्हर जरा नाजूक निघाला."

पलीकडून फोन काउंटरवर ठेवल्यासारखा खट्ट आवाज आला. बंद करायचा राहिला असावा, कारण दुकानातलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. "आमच्या हिनं घाट चढवला! अहो हो, स्वतः! ड्रायव्हर मागे बसवून!"

काकू फोन कानाला लावून उभी राहिली. नर्स खुणेनं 'चल' म्हणाली, तरी हलली नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगेपर्यंत घाट आणखी उभा झाला होता.