महागाचे तास

शाळेत त्यांना सगळे 'वेळापत्रक सर' म्हणत. एकोणतीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनीच आखलं. असा माणूस निवृत्त झाला की ताप कुणाला? घरच्यांना.

छतावर सौर पॅनेल होतीच. सरांच्या आईला ऑक्सिजनचं मशीन लागलं, लाइट गेली तर ते बंद पडायला नको म्हणून जिन्याखाली बॅटरीही आली. मग वीज कंपनीनं विचारलं, दर कोणता हवा? दिवसभर एकच, की वेळेप्रमाणे, म्हणजे दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी सहा ते दहा महाग? झालं, माकडाच्या हाती कोलीत! दुपारी बॅटरी भरायची, संध्याकाळी घर तिच्यावर चालवायचं, असं सरांनी ठरवलं. बेत चोख होता, पण तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले.

सहा वाजले की घरभर पहारा सुरू. "इस्त्री कुणी लावली? महागाचे तास आहेत!"

"मग शर्ट चुरगळलेलाच घाला," बायको करवादायची. "सगळं बॅटरीवरच चालतंय ना? मग कशाला डोकं उठवता?"

"बॅटरी संपली म्हणजे?"

या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिनं नाद सोडला.

आई मात्र आठवडाभर मलूल होती. जेवण तुटलं होतं. मशीन चालू असतं ना, असं डॉक्टरांनी विचारलं, तर सगळ्यांनी छातीठोकपणे हो म्हटलं. बुधवारी सातच्या सुमाराला बायको दूध घेऊन आत गेली, तर मशीनची घरघर नाही. आईचे ओठ निळसर, नळी मांडीवर गुंडाळलेली. तिनं झटकन बटण दाबलं, नळी लावली आणि ओरडली, "अहो, आधी इकडे या!"

बोलण्याइतका श्वास यायला आईला बराच वेळ लागला. "ओरडू नकोस गं. दहाला लावणारच होते. रोज लावते."

"रोज?" सरांचा आवाज चिरकला. "अगं आई, ती बॅटरी तुझ्यासाठीच घेतली!"

"मला कुठे कोण काय सांगतं? तू महाग महाग म्हणून ओरडत होतास, तेवढं ऐकू येत होतं."

बायकोच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं त्या गिळल्या.

सकाळी सरांनी कंपनीला फोन करून एकच दर मागितला. "सर, बॅटरी असताना यात तुमचा तोटा आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"ठाऊक आहे. बदला."

दर बदलला, पण आईची सवय बदलेना. सहा वाजले की तिचा हात बटणाकडे जायचाच. मग सर तो हात धरून शेजारी बसू लागले. रोज, सहा ते दहा.